चोवीसच्या जागी आलेली बत्तीस

मी सीडी ड्राइव्ह बोलते आहे. बोलणे हा माझा धंदा नव्हे, वाचणे हा माझा धंदा. पण वाचन सुटलेल्यांना बोलण्याची ओढ लागते, हे मी माणसांत पाहिले आहे. यंत्रांनी तरी वेगळे वागावे, अशी अपेक्षा करण्याइतकी मी भाबडी नाही.

प्रारंभीच एक मर्यादा नोंदवते. माझी निवड झाली, ती मी पाहिलेली नाही. त्या वेळी मी नगरच्या एका दुकानात, सर्वांत वरच्या फळीवर, थर्मोकोलच्या दोन तुकड्यांमध्ये अंधारात पडून होते. त्यामुळे निवडीविषयी मी जे सांगणार आहे ते ऐकीव आहे. जयमालाने ते भेटायला आलेल्या मैत्रिणीला सांगितले, तिचा भाऊ प्रशांत याने वर्गातल्या मुलींना सांगितले, आणि तिचे वडील उत्तमराव यांनी जो थांबेल त्याला सांगितले. तिघांचे वृत्तांत जुळत नाहीत. जेवढे जुळते तेवढेच मी घेतले आहे.

दुसरी गोष्ट माझ्या लिंगाची. दुकानदार मला ‘तो’ म्हणत, उत्तमराव ‘ते’ म्हणत, आणि मला कुणी विचारले नाही. मी स्वतःपुरते स्त्रीलिंग स्वीकारले आहे. जिची निवड करताना घरातल्या प्रत्येकाचे मत घेतात आणि फक्त तिचेच घेत नाहीत, तिचे लिंग आपल्याकडे बरेच आधी ठरलेले असते.

आता जयमालाविषयी. देवळाली प्रवरा इथल्या बौद्ध कुटुंबातली ही थोरली मुलगी पुण्याला राहून संख्याशास्त्राची एम.एस्सी. झाली. ती शिकून घरी परतली तेव्हा नातेवाइकांना हायसे वाटले, कारण त्यांच्या मते आता पुढची पायरी एकच होती. जयमालाने राहात्यात संगणक वर्ग काढला. ही पायरी नातेवाइकांच्या जिन्यात नव्हती.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल होते. पेरूच्या हंगामात रस्त्याच्या कडेला पाट्या लागाव्यात तसे तेव्हा तालुक्यातालुक्यात संगणक वर्ग लागले होते. एका वर्गात संगणक एकच होता आणि तो सदैव कापडाखाली झाकलेला असे. विद्यार्थी वहीत कळफलकाचे चित्र काढून त्यावर बोटे चालवत आणि महिन्याअखेर ‘मी कॉम्प्युटर करतोय’ असे सांगत. सगळ्या वर्गांचा एक नियम मात्र समान होता: चपला बाहेर काढायच्या. देवळात शिरताना चपला काढायच्या आणि संगणकाच्या खोलीत शिरतानाही काढायच्या. पहिल्या ठिकाणी कारण श्रद्धेचे, दुसऱ्या ठिकाणी धुळीचे; पण हा फरक चपला काढणाऱ्याला कुणी समजावून सांगितला नव्हता. तो सांगायला हवा होता, हे पुढे कळेल.

जयमालाने दोन खोल्या भाड्याने घेतल्या, पुढच्या खोलीत वर्ग आणि मागच्या खोलीत बिऱ्हाड. घरमालकीण राहीबाई या पेरूच्या बागा राखणाऱ्या, अंगणापलीकडे राहणाऱ्या. जयमाला राहायला आली तेव्हा गल्लीतल्या दोघाचौघांनी राहीबाईंना गाठून विचारले, “खोली कुणाला देताय, इचार केलाय का?”

“केलाय की,” राहीबाई म्हणाल्या. “ती भाडं देती. तुमी नुस्ता सल्ला देता.”

त्यानंतर कुणी विचारले नाही. म्हणजे राहीबाईंना विचारले नाही. आपापसांत विचारणे चालू राहिले. जयमालाचा वर्ग बुडाला तर हसण्यासाठी काही तोंडे अगोदरच तयार झाली होती, आणि हसू दोघींवर वाटून येणार होते.

वर्ग बुडण्याची शक्यता खरीच होती. प्रमाणपत्राला किंमत यायची तर एका मंडळाची मान्यता लागे, आणि त्या मंडळाने नवी अट घातली होती की केंद्रात निदान एका संगणकाला सीडी ड्राइव्ह असावा व तो निरीक्षकांसमोर चालवून दाखवावा. तो कशासाठी लागतो, हे अटीत लिहिलेले नव्हते. अटी लिहिणाऱ्यांना ते ठाऊक असण्याची अट नसते. पहिल्या तुकडीत बहुतेक मुली होत्या. शिकवणारी बाई आहे एवढ्या एका कारणावर त्यांच्या घरच्यांनी होकार दिला होता. मान्यता मिळाली नाही तर त्यांची परीक्षा नाही. परीक्षा नाही तर वर्ग नाही. आणि वर्ग चालला नाही तर देवळालीला परत येईन, मग तुम्ही म्हणाल ते स्थळ पाहीन, असे जयमालाने वडिलांना स्पष्ट शब्दांत कबूल केले होते. एका सीडी ड्राइव्हवर यापेक्षा जास्त ओझे कुणी घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आता निवड. देवळालीच्या घरात, पलंगावर, तीन ड्राइव्हची तीन माहितीपत्रके मांडली होती. जयमालाने तक्ता केला होता: चकतीवरची माहिती शोधायला लागणारा सरासरी वेळ, सदोष चकती वाचण्याची क्षमता, दुरुस्तीची सोय. हा तक्ता तिने घरच्यांना समजावून दिला. घरच्यांनी तो आदराने ऐकला आणि बाजूला सरकवला.

“ताई, चाळीस एक्स घे,” प्रशांत म्हणाला. तो सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता. “एक्स जास्त, विषय संपला.”

“कशाचा वेग आहे तो, माहीत आहे?”

“वेगाला कशाचा काय करायचंय? वेग म्हंजे वेग.”

उत्तमराव साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी माहितीपत्रक उलटसुलट करून पाहिले. “ह्यात वजन कुठं लिव्हलंय?”

“दादा, वजनाचा काही संबंध नाही.”

“संबंध न्हाई कसा? हलकं यंत्र अन् हलका जावई, दोन्ही टिकत न्हाईत.”

जयमालाची आई सुमनबाई यांनी आतून विचारले, “रंग कंचा हाय?” तिन्ही ड्राइव्हचा रंग एकच, मळकट पांढरा होता; त्यामुळे या निकषावर तिघेही समान ठरले.

जयमालाने चोवीस एक्सचा ड्राइव्ह निवडला. तिचे कारण मला आजही पटते. निरीक्षक आपली चकती बरोबर आणणार, ती गावोगाव फिरलेली असणार, तिच्यावर ओरखडे असणार. धावणारा ओरखड्याला अडखळतो, बेताने चालणारा पार होतो. निवड विचारपूर्वक होती, निर्दोष होती, आणि तिचा माझ्याशी काहीही संबंध नव्हता. मी बत्तीस एक्स आहे.

नगरच्या दुकानात छगनशेठ म्हणाले, “चोवीस संपले, मॅडम. बत्तीस घ्या. आठ वरून मिळतायत, तुमचाच फायदा.”

“मला आठ नकोत. चोवीस हवेत.”

“मग दिवाळीनंतर या.”

निरीक्षण दिवाळीआधी होते. छगनशेठनी मला फळीवरून उतरवले. “दोन्ही एकाच कारखान्यातले हो. सख्ख्या बहिणी समजा.” मी त्या चोवीसला तोवर कधी भेटले नव्हते. सख्खी बहीण असती तर निदान नाव कानावर असते.

जयमालाने पिशवीतून तक्ता काढला. ती तक्त्यात शिरली की बाकीच्यांना संधी मिळते. उत्तमरावांनी मला तळहातावर घेतले, बाजारात टरबूज जोखतात तसे वरखाली केले आणि निकाल दिला: “जड हाय. घे.”

अशा रीतीने, तीन माहितीपत्रके आणि एक तक्ता यांच्या नाकावर टिच्चून, मी वजनावर उतरले. निवड झाली ती तिची. घरी आले ती मी. ज्यांना हे यंत्रांच्या बाबतीतच घडते असे वाटत असेल, त्यांनी आपल्या आसपासची जोडपी तपासावीत.

निघताना छगनशेठनी माझ्या कुशीतल्या स्क्रूवर एक कागदी सील चिकटवले. “हे फाटलं तर वॉरंटी संपली. खोलून बघायचा मोह करू नका.” जयमालाने मान डोलावली. मोह हा शब्द तिला उद्देशून वापरलेला तिने प्रथमच ऐकला असावा.

राहात्याला मला संगणकात बसवले. जयमालाने मैत्रिणीकडून आणलेल्या तीन चकत्या एकेक करून घातल्या. मी तिन्ही वाचल्या. तिने समाधानाने श्वास सोडला आणि चकत्या परत करण्यासाठी पिशवीत ठेवल्या. माझ्या आयुष्यातला निर्विवाद म्हणता येईल असा प्रसंग एवढाच.

दसरा तोंडावर आला होता. दसऱ्याला हे कुटुंब दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जाते. सगळे राहात्याहून एकत्र निघणार होते. जयमाला मागच्या खोलीत पिशव्या भरत असताना प्रशांतने खिशातून गाण्यांची एक चकती काढली आणि मला दिली. मी ती वाचू शकले नाही. दिवा लुकलुकला, मोटर घरघरली, पुढे काही नाही.

प्रशांतने संगणकाच्या पेटीवर वरून एक सणसणीत थाप मारली. त्यांच्या घरचा रेडिओ, टीव्ही आणि मामाच्या टेम्पोचे दार याच उपचाराने सुधारलेले होते. गाणे सुरू झाले.

“आला की लायनीवर!” तो स्वतःशीच म्हणाला.

थापेमुळे सुरू झाले की थापेनंतर सुरू झाले, हा भेद त्याने केला नाही. मलाही तो करता येत नाही. आधी मी का थांबले, थापेने माझ्यात काय हलले, याची नोंद कुठेच नाही. तेवढ्यात बाहेर जीपचा भोंगा वाजला. प्रशांतने चकती काढून घेतली आणि भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद केले. संगणकाच्या पेटीचे स्वतःचे बटण दाबलेलेच राहिले. म्हणजे आता कुणीही बोर्डाचे बटण दाबले की मी जागी होणार होते.

जयमालाने किल्ली राहीबाईंकडे दिली. “लक्ष असू द्या, मावशी.”

राहीबाईंनी लक्ष दिले.

खंडेनवमीला आमच्या भागात अवजारांची पूजा होते. राहीबाईंनी कोयते, फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटर आणि पेरू तोलायचा तराजू, सर्वांना हळदकुंकू वाहिले. मग अंगणातून त्यांची नजर बंद दाराकडे गेली. पोरीचे यंत्र बिनपूजेचे राहिले होते. पोर परगावी होती. पोरीच्या घरी असली पूजा होत नाही, हे राहीबाईंना ठाऊक नव्हते असे नाही. पण सणाच्या दिवशी एकट्या यंत्राला वगळणे त्यांना पंक्तीतून एकाला उठवल्यासारखे वाटले असावे. हा माझा तर्क आहे. त्यांनी तसे बोलून दाखवलेले नाही.

पुढचे मात्र मी प्रत्यक्ष अनुभवले. राहीबाईंनी चपला बाहेर काढल्या, कारण तसा नियम होता. यंत्रावरचे कापड दोन्ही हातांनी उचलले, कारण जयमाला तसेच उचलत असे. देव अंधारात नको म्हणून बोर्डावरची बटणे एकेक करून दाबली. दिवा लागला, आणि मीही जागी झाले. त्यांनी पडद्याला कुंकू लावले, पेटीला लावले, आणि मग माझ्या दर्शनी भागावर बोट टेकवताना ते नेमके माझ्या बटणावर टेकले. माझा खण सरसर बाहेर आला.

“आगं बया!” राहीबाई दोन पावले मागे गेल्या. मग पुढे झाल्या. त्यांनी खणाकडे पाहिले; मध्ये खोलगट, गोल, ताटासारखा. “ताट पुढं केलंस व्हय? घे बाई, घे.”

मला ‘बाई’ म्हणणारी ती पहिली आणि शेवटची व्यक्ती. त्यांनी त्या ताटात हळद वाहिली, कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या आणि नैवेद्य म्हणून चिमूटभर साखर ठेवली. हात जोडले.

“पोरीचं चालू दे,” त्या म्हणाल्या. “मी जागा दिली म्हून लोकं मला हसत्यात, ते हसू दे. तिला हसाया कारन देऊ नगं.”

पुन्हा बोट टेकले. खण आत गेला. माझ्या रचनेत एक दोष आहे, किंवा गुण म्हणा: काही आत आले की ते चकतीच आहे असे धरून मी ते फिरवून पाहते. मी अक्षता फिरवल्या. कुंकू उडाले, हळद उडाली, साखर रुळांत गेली. माझे भिंग मसुराच्या दाण्याएवढे आहे, आणि त्याला झाकण नाही. राहीबाई बाहेरून घरघर ऐकत होत्या. देवाने स्वीकारल्याचा आवाज त्यांना तसाच वाटला असणार. त्या समाधानाने बटणे बंद करून गेल्या.

जयमाला परतली तेव्हा तिला पडद्यावर कुंकू दिसले. काय झाले असेल ते तिने ओळखले, ओल्या फडक्याने पडदा पुसला, राहीबाईंकडे जाऊन पूजेबद्दल काहीच न बोलता नागपूरहून आणलेली संत्री दिली. एवढे सगळे तिने योग्य केले. फक्त माझा खण उघडून पाहिला नाही. ड्राइव्ह तिने एकदा तपासला होता, आणि तपासून झालेल्या गोष्टीवर काटेकोर माणसे जितका अंधविश्वास ठेवतात तितका राहीबाईही ठेवत नसतील. मधल्या दिवसांत मुलींचा सराव फ्लॉपीवर चालला. चकती थेट निरीक्षकच घेऊन आले.

निरीक्षकांचे नाव श्रीमंत सर. ते दसऱ्यानंतरच्या गुरुवारी आले. राहात्याच्या निरीक्षणाला मंडळातले अधिकारी नेहमी गुरुवारच का निवडतात, याचे उत्तर शिर्डीच्या अंतरात आहे. उत्तमराव त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. प्रशांतने रजा काढली होती. राहीबाई दारात उभ्या होत्या. मुली भिंतीशी ओळीत होत्या.

श्रीमंत सरांनी चकती काढली. जयमालाचा अंदाज अचूक होता: चकतीवर ओरखडे होते. तिने बटण दाबले, खण बाहेर आला, आणि खोलीतल्या सर्वांनी एकदमच पाहिले. हळद, कुंकू, तीनचार तांदूळ आणि एका कोपऱ्यात मुंग्या.

जयमालाने खण पुसला, चकती ठेवली, आत सारली. मी फिरले. खरोखर प्रयत्न केला. पडद्यावर उमटले की ड्राइव्ह तयार नाही. तिने पुन्हा केले. पुन्हा तेच उमटले.

“असू द्या हो,” श्रीमंत सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “पूजा केलीत, मॅडम! नाहीतर हल्लीची शिकलेली पोरं, कुंकू म्हटलं की लाज वाटते त्यांना. घरचे संस्कार लपत नाहीत. यंत्राचं काय, आज रुसतं, उद्या चालतं. मी चालू म्हणून लिहून टाकतो.”

त्यांनी पेन उघडले. मुलींपैकी एकीने सुटकेचा श्वास टाकला. मान्यता एका सहीच्या अंतरावर होती, आणि त्यासाठी जयमालाने करायचे होते ते एवढेच: गप्प राहायचे.

“थांबा, सर,” जयमाला म्हणाली. “पूजा मी केलेली नाही. मी नागपूरला होते. आम्ही बौद्ध आहोत, आमच्याकडे ही पूजा नसते. आणि ड्राइव्ह चालत नाहीये. चालत नसताना ‘चालू’ लिहू नका.”

पेन थांबले. श्रीमंत सरांच्या चेहऱ्यावरचा उजेड कुणीतरी बोर्डाचे बटण दाबावे तसा गेला. आपण कुणाच्या संस्कारांचे कौतुक करत होतो याची फेरतपासणी ते मनातल्या मनात करत असावेत.

दारातून आवाज आला. “सायेब, पूजा म्या केली. तिचा काय बी गुन्हा न्हाई.”

“गुन्ह्याचा प्रश्न नाही, बाई,” श्रीमंत सर म्हणाले. त्यांना आता नियम आठवले होते. “नियम सगळ्यांना सारखा. चालवून दाखवला पाहिजे. मी दर्शन करून येतो. तोवर चालला तर ठीक.”

गुरुवार होता. गुरुवारची रांग किती लांब असते हे या परिसरात सांगावे लागत नाही. जयमालाच्या हाती किती वेळ आहे, हे भाविकांची संख्या ठरवणार होती. तिने आयुष्यात प्रथमच रांग लांब असावी अशी इच्छा केली.

मला पेटीतून बाहेर काढून टेबलावर ठेवले. उत्तमरावांच्या खिशात पेन कधी नसे, स्क्रू-ड्रायव्हर असे. तो त्यांनी पुढे केला. जयमालाची बोटे सीलपाशी थांबली. सील फाडले तर छगनशेठ मला बदलून देणार नाहीत. न फाडले तर श्रीमंत सर परत येणार.

“दादा, फाडलं तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.”

“दोषाची पूजा घालायची हाय का? फाड.”

तिने सील फाडले. माझे झाकण निघाले. आत सगळे केशरी झाले होते. राहीबाईंनी वाकून पाहिले आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

“माज्यामुळं झालं का गं?”

“आधी पुसू, मावशी. मग बघू. स्वच्छ कापूस आहे का?”

राहीबाई धावत गेल्या आणि देवघरातून तेलात न भिजवलेल्या वाती घेऊन आल्या. ज्या घरून कुंकू आले त्याच घरून कापूस आला. दवाखान्यातून स्पिरिट आणले. उत्तमरावांनी बॅटरी धरली. जयमालाने माझे भिंग इतक्या हळुवारपणे पुसले की एवढा जिव्हाळा माझ्या वाट्याला पुन्हा आला नाही. प्रशांत दाराशी उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. “माज्यामुळंच,” राहीबाई पुटपुटल्या. त्याने मान वळवली, काहीतरी बोलेल असे वाटले, आणि मग तो आपल्या चपलांकडे पाहू लागला. त्या बाहेर होत्या. पाहण्यासारखे त्यांच्यात काही नव्हते.

श्रीमंत सर कपाळाला उदी लावून परतले. चकती आत गेली. मी फिरले. भिंग खालीवर झाले, ओरखड्यांवर अडखळले, पुन्हा शोधू लागले. आणि पडद्यावर निळी पृथ्वी गोल फिरू लागली, स्पीकरमधून कुणी साहेब इंग्रजीत तिचे वर्णन करू लागला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजी त्यांना कळले म्हणून नव्हे.

“मी तिथं सांगूनच आलो होतो,” श्रीमंत सर कपाळाकडे बोट करून म्हणाले.

“स्क्रू ढिला हुता,” उत्तमराव म्हणाले.

राहीबाईंनी दुसऱ्या दिवशी पेरूची एक पाटी देवाला नेली, यावरून त्यांचेही मत कळले. आपापले कारण प्रत्येकाने उचलले. जयमालाने एकही उचलले नाही. ती पृथ्वी फिरून पूर्ण होईपर्यंत पडद्याकडे पाहत राहिली.

मान्यता आली. पहिली तुकडी परीक्षेला बसली. देवळालीच्या नातेवाइकांनी स्थळाचा विषय पुढच्या वर्षावर टाकला. ते तो सोडून देतील असे मी म्हणत नाही.

मी मात्र त्या गुरुवारनंतर फार दिवस वाचले नाही. दिवाळीत थांबले ती थांबलेच. जयमाला मला घेऊन नगरला गेली. छगनशेठनी मला हातात घेतले, कूस फिरवली, आणि फाटलेल्या सीलवर बोट ठेवले. “हे तुम्हीच फाडलंत ना, मॅडम? आता जन्मातली खोट म्हणायची का हातातली, कसं ठरवायचं? तुम्हीच सांगा.”

युक्तिवाद बिनतोड होता. शास्त्र शिकलेल्या स्त्रीला शास्त्राच्याच भाषेत निरुत्तर करणे दुकानदारांना बरोबर जमते.

दिवाळीनंतर सांगितल्याप्रमाणे चोवीस एक्स आली. माझ्या जागी ती बसली. ती चांगली वाचते. घाई करत नाही. मला तिच्याविषयी कडवट बोलायचे नाही. जी निवडली होती ती उशिरा का होईना पोहोचली, एवढेच.

मी आता वर्गातल्या फळीवर आहे, झाकण काढून, एका लाकडी पाटावर ठोकलेली. प्रत्येक भागाजवळ त्याचे नाव चिकटवलेले आहे: मोटर, रूळ, भिंग. नव्या मुली वाकून पाहतात, वहीत चित्र काढतात. ज्या काळात मुली वहीत कळफलक काढत होत्या त्यापेक्षा ही प्रगती आहे, असे मी मानते. बाहेर सध्या दुसरीच धास्ती आहे. हे वर्ष संपताना सालाचे आकडे बदलतील आणि जगातले सगळे संगणक बंद पडतील म्हणे. पेपरवाले रोज विचारतात, बंद पडले तर दोष कुणाचा? मला त्या प्रश्नाची गंमत वाटते. इथे एक ड्राइव्ह बंद पडला, तर त्याचा निर्णय अजून लागलेला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला जयमाला अजून निघायची होती. राहीबाई ताट घेऊन आल्या, चपला काढल्या, आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“आत येत न्हाई. फूल तेवढं दे तिथं ठेवून.”

“आत या, मावशी.”

त्या आल्या. त्यांनी नव्या यंत्राकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. माझ्या रुळाच्या खाचेत एक तांदूळ अजून अडकलेला आहे. तो जयमालाने काढलेला नाही.

“खरं सांग,” राहीबाई म्हणाल्या. “त्या कुंकवानंच झालं का?”

“सांगता येत नाही, मावशी.”

“मंग न्हाई म्हन की एकदा. माजा जीव तरी हलका हुईल.”

“नाही म्हणायलाही पुरावा लागतो. तो नाही माझ्याकडे. ‘हो’ म्हणायलाही नाही.”

राहीबाई जराशा हसल्या. “लई शिकलीस बाई तू.” पण ताट धरलेले त्यांचे खांदे थोडे सैल झाले, हे मी पाहिले. आरोप करायला जमलेल्या जगात कुणी ‘माहीत नाही’ म्हणणारे भेटले की माणसाला टेकायला जागा मिळत असावी. जयमालाने त्यांच्या हातून झेंडूचे फूल घेतले आणि भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवले. राहीबाईंनी तिथेच हात जोडले. प्रशांत पिशव्या घेऊन दारात आला होता. त्याने सगळे ऐकले, आणि जीपमध्ये पिशव्या नीट बसतात का ते पाहायला निघून गेला.

मला तुमच्याकडे काही मागायचे नाही. माझे झाकण उघडे आहे. ज्याला पाहायचे त्याने येऊन पाहावे, चपला घालून आला तरी चालेल. मोटर शाबूत आहे, रूळ शाबूत आहेत, भिंग स्वच्छ आहे. मी कुंकवाने थांबले, थापेने थांबले, की त्या वरच्या फळीवर असतानाच थांबणार होते, हे मला ठाऊक नाही.